पाकीट नंबर ४१

मागच्या महिन्यात बहिणीकडे साखरप्याला गेले होते. आंबा घाटाच्या पायथ्याशी तिचं घर, मागे चिऱ्यांचा गडगा आणि गडग्यावर करवंदीची ही मोठी जाळी, इतकी दाट की आत कोंबडी शिरली तर तिलाच बाहेरचा रस्ता सापडू नये. भाचा सहावीत आहे. त्याला नुकतंच फोनवर झाड ओळखायचं अ‍ॅप मिळालंय, त्यामुळे दोन दिवस घरातलं एकही पान त्याच्या तावडीतून सुटलं नव्हतं, तुळस झाली, अळू झालं, देवाला वाहिलेली दूर्वासुद्धा झाली. मग स्वारी करवंदीकडे वळली. अ‍ॅपने लगेच सांगितलं करवंद, लॅटिन नावासकट. हा खूश. मग म्हणाला, मावशी, ह्या पानावर हे काळं काय आहे, आणि त्या काळ्या डागाचाच फोटो काढला, अगदी जवळून. अ‍ॅप परत म्हणालं करवंद. त्याने अजून जवळून काढला. करवंद. "अगं हे काळं काय ते विचारतोय मी," तो फोनवरच चिडला. मी म्हटलं, बुरशी असेल रे. "कुठली?" मी म्हटलं, काळी. त्याने माझ्याकडे जे बघितलं ना, ते अजून डोक्यातून जात नाहीये. कारण ह्या मुलाला माहीत नव्हतं, पण बुरशी हा माझा एमेस्सीचा विषय होता.

तरी सवयीने हात पुढे गेला. पान डाव्या हातात धरून उजव्या अंगठ्याने तो डाग घासला. मखमलीसारखा होता, गोल, टिकलीएवढा. गेला नाही.

अंगठ्याला आधी आठवलं, मला नंतर.

झाडाच्या पानावरचं काळं दोन जातीचं असतं, म्हणजे अजूनही असेल पण हे दोन आधी वेगळे करायचे असतात. एक आपल्या सगळ्यांच्या ओळखीचं. बाल्कनीतल्या कढीपत्त्याला पिठ्या ढेकूण लागतो, तो रस पितो आणि मागून गोड चिकट पाणी सोडतो, त्यावर मुंग्या येतात आणि त्याच साखरेवर काळी बुरशी पसरते. ती काजळी. पानाशी तिचं काही देणंघेणं नसतं, सांडलेल्या पाकावर जगते बिचारी, ओल्या फडक्याने पुसली की पान खालून हिरवंगार. आंब्यावर हेच तुडतुड्यांमुळे होतं, भावोजी त्याला खार पडली म्हणतात. आणि दुसरी ही, पुसून न जाणारी. आम्ही ब्लॅक मिल्ड्यूच म्हणायचो, तिचं घराणं मेलिओला. ती पानाच्या वरवर दिसते पण तिने जागोजागी आत सोंडा खुपसलेल्या असतात, पानाच्या पेशींतून ती जेवते. झाड मरत नाही, फार काही बिघडतही नाही, म्हणून शेतकऱ्याला तिची पर्वा नाही, औषध कंपन्यांना नाही, आणि अ‍ॅपला तर नाहीच. जिवंत पानाशिवाय ती जगत नाही, लॅबमध्ये बशीत घालून वाढवायची म्हटलं तरी वाढत नाही. घाटात मात्र जिकडेतिकडे आहे. पावसाळा संपल्यावर सावलीतल्या कुठल्याही झुडपाखाली बसा आणि वर बघू नका, समोर बघा, पाच मिनिटांत सापडते.

हे "समोर बघा" सरांचं. नाव लिहीत नाही, त्यांना आवडणार नाही. कोल्हापूरला एमेस्सी करत होते, सत्त्याण्णव सालची गोष्ट. बाकीच्यांनी टिश्यू कल्चर घेतलेलं, त्यात नोकऱ्या होत्या म्हणे, मी आणि अजून दोघं मायकॉलॉजीला, म्हणजे बुरशीशास्त्राला, कारण तिथे जागा होत्या. इतकं साधं कारण. लोक विचारतात आवड कशी लागली, मला लाज वाटते सांगायला. डिसेंबरात सर आम्हाला आंबोलीला घेऊन गेले, लाल डब्यातून, मागच्या सीटवर. सामान म्हणजे जुन्या पेपरांचा गठ्ठा, लाकडी प्रेस, सुतळी, गळ्यात दहापट मोठं दाखवणारं भिंग, आणि घरी पेपर कापून बनवलेली पाकिटं. पाकीट करायची एक विशिष्ट घडी असते, औषधाच्या पुड्या बांधायचे ना पूर्वी डॉक्टर, जवळपास तशी. प्रत्येक पाकिटावर नंबर, तारीख, गाव, गोळा करणाऱ्याचं नाव आणि सगळ्यात वर एक ओळ. यजमान.

म्हणजे ज्या झाडावर ती बुरशी मिळाली ते झाड. हा शब्द मला तेव्हाही मजेशीर वाटायचा आणि आताही वाटतो. पाहुणा कधी आला, किती खाल्लं, जाणार कधी हे काहीच यजमानाला विचारलेलं नाही, तरी तो यजमान. पूजा सांगायला बसल्यासारखा.

आंबोलीचं जंगल म्हणजे अंजनी, जांभूळ आणि पिसा, ह्या तिघांचा कारभार. बाकीचे येऊन जाऊन. आता अंजनी मार्च-एप्रिलात बघावी, फांद्यांच्या अंगावर निळीजांभळी फुलं येतात, निळीची पूड उधळल्यासारखी, तेव्हा आंधळ्यालाही ओळखता येईल. डिसेंबरात फूल नाही फळ नाही, फक्त पानं. आणि छोटी झुडपाएवढी अंजनी आणि जांभळाचं खुरटं रोप, दोघांची पानं समोरासमोर, दोन्ही जाडसर, चकचकीत, गुळगुळीत. नवख्या माणसाने गोंधळ घालावा असाच प्रकार. मग फरक कसा करायचा तर जांभळाचं पान उजेडात धरलं की बारीक बारीक टिपके दिसतात, तेलाच्या पिशव्या असतात त्या, कडेने शिर फिरलेली असते, आणि चुरगळलं की वास येतो. जांभळाचा वास. अंजनीला तसा नाही.

आणि मला सर्दी होती.

साधी नाही, आंबोलीच्या डिसेंबरची, डोळ्यांतून पाणी, कान बंद, रात्रभर रेस्ट हाऊसच्या गोधडीत शिंकत काढलेली. हिरण्यकेशीकडे जाणाऱ्या वाटेवर मला एक झुडूप मिळालं, पानं काळ्या टिकल्यांनी भरलेली, इतके सुंदर ठिपके की मी आनंदाने ओरडलेच. सर आले. एक पान तोडलं, दोन बोटांत चुरगळलं, स्वतःच्या नाकाशी नेलं, मग माझ्यापुढे केलं. "वास घे." मी घेतला. काहीही आलं नाही, तिथे नाफ्थलीनच्या गोळ्यांची बरणी धरली असती तरी काही आलं नसतं. पण बाकी दोघं बघत होते आणि मला आधीच सगळे नाजूक नाजूक म्हणत होते, म्हणून मी म्हटलं, हो सर, येतोय. सर म्हणाले, "कसला?" मी म्हटलं, जांभळाचा.

सर म्हणाले, "बरं."

बस, एवढंच. मी पाकिटावर लिहिलं, नंबर ४१, यजमान जांभूळ. सर पुढे निघून गेले, पुढच्या वळणावर कुसरीची वेल होती, तिच्या कोंबांना तांबेरा झालेला, कोंब सुजून वाकडेतिकडे झालेले आणि त्यांच्यावर हळद लागल्यासारखा पिवळा भुगा. सगळे तिकडे धावले. त्या तांबेऱ्याचं नाव युरोमायसिस हॉब्सोनाय, कुणा हॉब्सन साहेबाच्या नावावरून, एवढी सुंदर पिवळी हळद आणि नाव मात्र साहेबाचं, ह्यावर आम्ही संध्याकाळी चहा पिताना बरेच विनोद केले. मीही केले. पण ४१ नंबरचं पाकीट बॅगेत होतं आणि त्याचं मला काहीतरी होत होतं.

कोल्हापूरला परत आल्यावर खरं काम. मेलिओला पानावरून उचलायची कशी ह्याची एक युक्ती आहे आणि ती सांगितली की लोकांना खोटं वाटतं. नेलपॉलिश. बिनरंगाची नेलपॉलिश डागावर लावायची, ब्रशने हलकी पसरायची, वाळू द्यायची आणि मग तो पापुद्रा ब्लेडने सोलून काढायचा, बुरशी जशी पानावर पसरली होती अगदी तशीच्या तशी त्यात अडकून येते. एक धागा तुटत नाही. केरळात पालोडच्या बोटॅनिकल गार्डनमध्ये ह्या मेलिओलांवर वर्षानुवर्षं काम केलेले व्ही. बी. होसगौडर आणि कपूर, ह्या दोघांनी १९८५ साली ही पद्धत लिहून काढली, आणि आम्ही तिघं महाद्वार रोडवर नेलपॉलिश घ्यायला गेलो. त्यातले दोन मुलगे. दुकानदार रंग दाखवत होता आणि ते दोघं गंभीर चेहऱ्याने "बिनरंगाची, पण पातळ पाहिजे" म्हणत होते. मी दुकानाबाहेर उभी राहून हसत होते. होस्टेलवर मुलींना कळल्यावर पुढचे सहा महिने माझ्याकडून सगळ्यांनी फुकट नखं रंगवून घेतली. त्या वासाने मला अजूनही लॅब आठवते, लग्नात कुणी नखं रंगवायला घेतली की माझ्या डोळ्यापुढे स्लाइड येते.

आणि मायक्रोस्कोपखाली काय दिसतं. पानावर नुसती काळी टिकली असते आणि इथे तपकिरी धाग्यांचं जाळं, प्रत्येक धाग्याला डावीउजवीकडे बारीक बारीक गाठी, काड्यापेटीतल्या काडीला गुल असतं ना तशी डोकी. ह्याच डोक्यांखालून ती पानात शिरते. मधूनमधून ताठ काळे केस उभे, दाढीचे खुंट. आणि बीजाणू, मला ते कायम तुरीच्या वाळक्या शेंगेसारखे वाटायचे, मध्ये चार पडदे, पाच कप्पे, कडा किंचित आत घेतलेल्या. मी पहिल्यांदा बघितले तेव्हा डोळा आयपीसला लावून ठेवूनच मोठ्याने मोजले, एक दोन तीन चार पाच. शेजारी बीएस्सीची मुलं प्रॅक्टिकल करत होती, ती थांबून बघायला लागली.

मग वर्गीकरण. मेलिओलाच्या अभ्यासकांनी एक आकड्यांचा खेळ करून ठेवलाय, बीली नावाच्या माणसाचं सूत्र, मधे टिंब असलेला आठ आकडी नंबर. बीजाणूची लांबी किती, रुंदी किती, केस सरळ की टोकाला फुटलेले, असं सगळं मोजायचं आणि प्रत्येक उत्तराचा एक आकडा. शेवटी बुरशीला जणू फोन नंबर मिळतो. मला हे फार आवडायचं, कारण त्यात मत नसतं, मोजणी असते. पण नंबर मिळाला तरी काम संपत नाही, कारण एकाच नंबराच्या ढीगभर निघतात. मग सगळे उलटे फिरून परत त्या पहिल्या ओळीकडे येतात. यजमान कोण? मेलिओला फार निवडक, ठरावीक झाडावर किंवा त्याच्या भावकीतच राहणार, म्हणून पुस्तकात शोधतानासुद्धा आधी झाडाचं कूळ काढायचं आणि मग त्याखालच्या मेलिओला बघायच्या. कितीतरींचं नावच यजमानावरून. करवंदीवरची मेलिओला कॅरिसी. हे नाव दिलं दक्षिण आफ्रिकेत एथेल डॉइज ह्या बाईंनी, तिकडेही करवंदीचे चुलतभाऊ आहेत. १९१४ साली डॉक्टरेट मिळवणारी ती त्या देशातली पहिली बाई. तेव्हा मला ह्यातलं काही माहीत नव्हतं, नावामागे डी ओ आय डी जी ई दिसायचं आणि मी तो कुणीतरी मिशाळ साहेब समजत होते.

तर सांगायचं म्हणजे यजमान चुकला की पुढचं सगळं मोजमाप बरोबर असूनही चूक.

पाकीट ४१ मी दहा दिवसांनी उघडलं. सर्दी गेली होती. पान वाळलेलं, चुरगळलं, नाकाशी नेलं. काही नाही. म्हटलं वाळल्यावर उडून गेला असेल वास, मग आंबोलीहून आणलेलं खरं जांभळाचं वाळकं पान घेतलं, त्याला होता, अजून होता, पुसट पण होता. खिडकीशी जाऊन ४१ चं पान उजेडात धरलं. टिपके नाहीत. कडेची शीर नाही. मी बराच वेळ तशीच हात वर करून उभी होते. खाली सायकल स्टँडवर कुणीतरी कुणाला तरी हाका मारत होतं हे आठवतंय. ती अंजनी होती. आणि सरांनी ते पान माझ्या आधी स्वतः हुंगलं होतं.

म्हणजे त्यांना तिथेच कळलं असणार. "वास घे" म्हणजे वास आहे असं सरांनी कुठे म्हटलं होतं. ते मीच धरून चालले.

मी सांगितलं का? नाही. लेबल बदललं का? तेही नाही. आधी भीती, मग आळस, मग परीक्षा, मग लग्न ठरलं. जर्नलमध्ये त्या स्लाइडचं चित्र काढून, जांभळावरची मेलिओला म्हणून जे नाव जुळत होतं ते ओढूनताणून लिहिलं. सरांनी सही केली. सहीखाली नेहमी "चांगले" लिहायचे, त्या पानावर नुसती सही होती. की सगळ्याच पानांवर नुसती होती आणि मी नंतर हे मनाने घातलं, आता सांगता येत नाही, ते जर्नल घर बदलताना गेलं.

ह्या वासावरून बाबा आठवतात. आमची तासगावची द्राक्षबाग, तिला तर आयुष्यभर बुरशीशीच संसार. बाबा चौथी पास. बागेत शिरले की पन्नास पावलांवरून सांगायचे, भुरी आलीय, आणि मी विचारलं कशावरून तर म्हणायचे वास येतोय की, कुबट. भुरी म्हणजे पानावर मण्यांवर राख उडवल्यासारखी. केवडा म्हणजे पानावर वरून पिवळे तेलकट डाग आणि उलटं केलं की खाली पांढरी लव. करपा वेगळा, तांबेरा वेगळा, ज्वारीतली काणी वेगळी. एवढी सगळी नावं त्यांच्याकडे होती आणि एकही पुस्तकातलं नव्हतं. एमेस्सीच्या पहिल्या वर्षी सुट्टीत घरी आले तेव्हा मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं, बाबा, तुमचा केवडा ही खरी बुरशीच नाहीये, ती समुद्रातल्या तपकिरी शेवाळाच्या भावकीतली निघाली, आता तिला बुरशीच्या राज्यातून बाहेर काढलंय. बाबांच्या हाताला मोरचूद लागलेलं, बोर्डो कालवत होते, चुन्याची निवळी घालता घालता म्हणाले, "मग औषध बदलतंय काय?" मी म्हटलं, नाही. "मग आमाला ठावं हुतं की ते. गंधकाला ऐकती ती भुरी, मोरचुदाला ऐकतो तो केवडा. एका दाव्याला दोघांना कवा बांधलं आमी?"

मला तेव्हा राग आला होता. आता वाटतं, बाबांचंही ते वर्गीकरणच होतं, फक्त निकष औषधाचा. भुरी बोरावरही येते, तुतीवरही येते, आणि पुस्तकवाल्यांनी तिचे कप्पे तिच्या बारीक फळांना फुटलेल्या शेपट्यांवरून पाडले होते, आकड्यासारखी शेपटी ती अनसिन्युला, टोकाला फांद्या फुटलेली ती मायक्रोस्फेरा. आम्ही हे घोकून घोकून पाठ केलं. पुढे डीएनए बघितल्यावर ह्या शेपट्यांना फारसा अर्थ नाही असं निघालं आणि दोन्ही नावं एरिसायफी ह्या एकाच नावात विरघळली. द्राक्षावरची भुरी अनसिन्युला नेकॅटर होती ती एरिसायफी नेकॅटर झाली. बाबांच्या बागेत ती भुरीच राहिली. पण बाबांचीही चूक व्हायची हो, उगाच देव्हाऱ्यात बसवत नाही मी त्यांना. मामांच्या डाळिंबावर तेल्या आला तेव्हा बाबा छातीठोकपणे म्हणाले बुरशी, तेल्या तर जिवाणूचा. दोन हंगाम चुकीची फवारणी झाली.

नावं बदलतात ह्याचा पूर्वी मला संताप यायचा. २०११ साली मेलबर्नला जगभरचे वनस्पतीवाले जमले आणि ठरवलं की एका बुरशीला एकच नाव. तोपर्यंत अधिकृतपणे दोन असायची, लैंगिक अवस्थेचं एक, दुसऱ्या अवस्थेचं एक, कारण दोन्ही अवस्था वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या माणसांना सापडलेल्या आणि एकमेकींची आहेत हे कुणाला माहीतच नसायचं. माहेरचं नाव आणि सासरचं नाव म्हणा ना. मला ही बातमी कळली तेव्हा मी बँकेत होते, चेक क्लिअरिंगला, माझ्या स्वतःच्याच दोन नावांवर पासबुकं होती आणि एक करायला तीन महिने हेलपाटे घातले होते. त्यामुळे मेलबर्नवाल्यांविषयी एकदम आपुलकी वाटली.

मधे एकदा पुण्याला आगरकर रोडवर, आघारकर इन्स्टिट्यूटमध्ये जायचा योग आला, मैत्रिणीच्या मुलीची अ‍ॅडमिशन वगैरे काहीतरी होतं. तिथे बुरशांचं हर्बेरियम आहे, म्हणजे वाळवून जपलेल्या नमुन्यांचा संग्रह, अजरेकरांच्या नावाचा. कपाटं आणि कपाटांत पाकिटं, माझ्यासारखीच घडीची. नाफ्थलीनचा वास आला आणि माझ्या पोटात गोळाच आला. एका पाकिटावर बघितलं, मूळ लेबल तसंच, त्याखाली दुसऱ्या अक्षरात, दुसऱ्या शाईत छोटी चिठ्ठी चिकटवलेली, नाव दुरुस्त केलेलं, सही, साल. त्याखाली अजून एक चिठ्ठी, अजून कुणाचीतरी. म्हणजे पद्धत अशी की चुकलेलं खोडायचं नाही. फाडायचं नाही, वर कागद चिकटवून झाकायचंही नाही. आधीचा माणूस काय समजला होता हे राहू द्यायचं आणि खाली आपलं म्हणणं मांडायचं. बटलर नावाच्या बुरशीतज्ज्ञ साहेबाने १९०५ साली बिहारात पुसाला असंच हर्बेरियम सुरू केलं, १९३४ च्या भूकंपात तिथली इमारत खचली, संस्था दिल्लीला हलली, आणि पाकिटंही दिल्लीला गेली, चुका आणि चिठ्ठ्यांसकट. हे मला एम.ए. झालेल्या एका काकांनी सांगितलं असतं तर मी जांभई दिली असती, पण तिथे त्या कपाटापुढे उभं राहून मला फक्त एकच दिसत होतं, कोल्हापूरच्या कपाटातलं ४१. त्याखाली कुणी चिठ्ठी लावली असेल का? लावायला हवी होती ती मीच.

ह्या बुरशांच्या नादात एक गंमत सांगायची राहिली. मेलिओलावरसुद्धा बुरशी येते. स्पायरोपिस नावाची. झाडावर मेलिओला आणि मेलिओलावर ही, म्हणजे पाहुण्याकडे पाहुणा, आणि आमच्या स्लाइडवर कधी कधी ही दुसरीच जास्त दिसायची आणि आम्ही तिचेच बीजाणू मोजत बसायचो. आणि ज्याला आपण दगडफूल म्हणतो आणि गोड्या मसाल्यात घालतो तीही एक बुरशीच, शेवाळाबरोबर बिऱ्हाड केलेली, आणि दगडाइतकीच झाडाच्या सालीवर वाढणारी. सासूबाईंना हे मी एकदा मसाला भाजताना सांगितलं. त्यांनी कढई उतरवली, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, असं काही जेवायच्या वेळी सांगत जाऊ नकोस.

असो. परत गडग्यावर येते.

भाचा अजून तिथेच उभा. म्हणाला, सांग ना कुठली. मी म्हटलं थांब. जगात आतापर्यंत दीड लाखाच्या आसपास बुरशांना नावं मिळाली आहेत आणि अभ्यासक म्हणतात खऱ्या असतील बावीस ते अडतीस लाख, तर अ‍ॅपला एकदम रागावू नकोस. त्याला हा आकडा फारच आवडला, "म्हणजे मला एक सापडू शकते?" म्हटलं सापडू शकते, ह्याच गडग्यावरसुद्धा, पण आधी झाड कुठलं ते सांग. तो म्हणाला, सांगितलं की, करवंद, अ‍ॅप म्हणालं. मी म्हटलं, तू म्हण. मग आम्ही बघितलं. पानं समोरासमोर. काटे, काही सरळ, काही दुभंगलेले, एक माझ्या मनगटात घुसला. मी पान तोडलं, देठातून पांढरा चीक टपकन आला, दुधासारखा. त्याला म्हटलं, तोड तू पण, बघ येतो का. त्याने चार पानं तोडली. चारही वेळा आला. मग तो म्हणाला, करवंद.

वास घ्यायला मात्र मी त्याला सांगितलं नाही. करवंदीच्या पानाला सांगण्यासारखा वास नसतोही, पण ते कारण नव्हतं.

बहिणीकडे जुना पेपर मागितला, पाकीट करायला घेतलं. घडी हाताला येत होती, अठ्ठावीस वर्षांनी. भाच्याने नंबर टाकला, १. तारीख, साखरपा, स्वतःचं पूर्ण नाव, वर्ग सहावी ब. यजमान करवंद. बुरशीच्या नावाची ओळ मी कोरी ठेवायला लावली. मेलिओला आहे हे अंगठ्याने सांगितलं, कॅरिसी असेल हे पुस्तक सांगेल, पण मायक्रोस्कोपखाली पाच कप्पे मोजल्याशिवाय लिहायचं नाही म्हटलं. त्याला ते पटलं नाही. "तुला माहितीये ना, मग लिही की." नाही लिहिलं.

सरांचा नंबर माझ्याकडे आहे. रिटायर होऊन गडहिंग्लजला असतात, दिवाळीला मेसेज करतो आम्ही. पानाचा फोटो काढून पाठवला, सर, साखरपा, करवंद. दहा मिनिटांत उत्तर आलं, सर आता पंच्याहत्तरच्या पुढे आहेत पण फोन हातातच असतो बहुतेक. "चीक बघितलास?" मी लिहिलं, हो सर, पांढरा, पाच पानांना. त्यांनी अंगठा पाठवला. मग मी अंगणातल्या पायरीवर बसून एक लांबलचक मेसेज टाइप केला, सर्दी, आंबोली, हिरण्यकेशीची वाट, जांभूळ, खिडकी, सगळं. वाचून बघितला, पुसला. परत टाइप केला, छोटा. सर, आंबोलीच्या ट्रिपचं माझं पाकीट नंबर ४१, त्याचा यजमान चुकलाय, ती अंजनी आहे, मला तेव्हाच कळलं होतं. पाठवला.

बराच वेळ टायपिंग टायपिंग दिसत राहिलं. मला वाटलं आता येतंय सगळं, वास घे पासून.

उत्तर आलं, "कुठलं पाकीट?"

आणि त्याखाली लगेच दुसरं, "डिपार्टमेंटला फोन कर, कपाटाची चावी आता क्लार्ककडे असते. चिठ्ठी लाव."

भाचा आतून ओरडत होता, मावशी फोनच्या स्क्रीनला चिकट चिकट काय लागलंय. करवंदीचा चीक. ओल्या फडक्याने घासत होता तो, आणि तो तसा जात नाही. खोबरेल लागतं त्याला.